साध्या खुंट्या की गिअरच्या?

वाद्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी नववीत आहे. तिच्या मामाने लिस्बनहून येताना तिला एक लहान, सोप्रानो आकाराचं युकुलेले (गिटारसारखं, पण चार तारांचं छोटं वाद्य) आणलं. त्याच्या खुंट्या गिटारसारख्या बाजूला नाहीत, डोक्याच्या मागून सरळ बाहेर येतात आणि प्रत्येकीच्या टोकाला एक स्क्रू आहे. मुलगी हौसेने वाद्य लावते, दोन गाणी वाजवते, की सूर उतरलेला. मग चिडते आणि ठेवून देते. एका दुकानात दाखवलं तर म्हणाले, या खुंट्याच टाकाऊ, काढून गिअरच्या बसवा. शाळेतले संगीत शिक्षक म्हणतात, जुन्या पद्धतीचं वाद्य आहे, कशालाही हात लावू नका. कुणाचं ऐकू? की नवंच घेऊन देऊ? (एक आई, फोंडा)

उत्तर : काही विकत घेण्याआधी एक पेन्सिल घ्या. मुलीला वाद्य नीट लावू द्या. मग प्रत्येक खुंटीच्या बटणावर आणि त्याला लागून असलेल्या लाकडावर मिळून एक बारीक सरळ रेघ ओढा. तिला रोजच्यासारखं वाजवू द्या, रात्रभर वाद्य तसंच ठेवा आणि सकाळी रेघ बघा. बटणावरची रेघ लाकडावरच्या रेघेपासून सरकली असेल तर खुंटी घसरते आहे. रेघ जागच्या जागी आणि सूर मात्र उतरलेला, तर खुंटीचा काही दोष नाही. माझ्याकडे ‘खुंटी घसरते’ म्हणून येणाऱ्या वाद्यांत ही दुसरी गोष्टच अधिक निघते, म्हणून हे आधी सांगते.

मग सूर का उतरतो? युकुलेलेची तार नायलॉनची किंवा फ्लुरोकार्बनची असते. नवी तार ताणली की ती कित्येक दिवस लांबतच राहते. आठवडाभर रोज लावावी लागणं अगदी साहजिक आहे. वाद्य नवं असेल किंवा तारा नुकत्या बदलल्या असतील तर मुलीला एवढंच सांगा की तार अजून बसायची आहे. तार हलक्या हाताने मध्यावर धरून थोडी वर ओढायची, पुन्हा लावायची, असं चार-पाच वेळा केलं की लवकर बसते. दुसरं कारण गाठीचं. घोडीजवळची गाठ सैल असेल किंवा खुंटीवर तारेचे दोन-तीन नीट वेढे नसतील, तर तार तिथूनच सरकते. तिसरं, वरच्या नटच्या, म्हणजे डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत तार अडकते. ‘टिक्’ असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो, ती याची खूण. पेन्सिलीचं शिसं त्या खाचेत घासलं की काम भागतं.

आता रेघ सरकलेली दिसली असं धरू. तुमच्या वाद्यावरची खुंटी म्हणजे लाकडातून आरपार गेलेला एक धातूचा दांडा. पुढून त्याला कडं, मागून बटण, मध्ये वॉशर, आणि बटणाच्या पोटातून जाणारा तो स्क्रू. स्क्रू आवळला की दांडा आणि बटण एकमेकांकडे ओढले जातात आणि मधलं लाकूड चिमटीत धरलं जातं. तारेचा ताण या पकडीवरच टिकतो. आत दुसरं काहीही नाही. म्हणून नीट बसणारा स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि स्क्रू अष्टमांश फेराच आवळा. तार लावून बघा. घसरली तर आणखी तेवढाच. बटण थोडा जोर लावून फिरतं आहे आणि हात काढल्यावर जागचं हलत नाही, इथे थांबा. त्याच्यापुढे आवळत गेलात तर बटण झटक्याझटक्याने फिरेल आणि प्लास्टिकचं असलं तर तडकेल. तंबोऱ्याच्या सवयीने कुणी खडू लावायला सांगेल. तो लाकडी खुंटीचा उपाय आहे, धातूच्या खुंटीत त्याची पूड वॉशरमध्ये जाऊन खरखर करते. आणि तेल तर अजिबात नको. जी खुंटी घासून धरते तिला तेल दिलं की तिची पकडच गेली.

आपल्या हवेचं इथे बोललंच पाहिजे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. लाकूड त्या दिवसांत फुगतं. डोक्याचं लाकूड फुगलं की चिमटा आपोआप आवळला जातो आणि खुंटी फिरता फिरत नाही. मग कुणीतरी जोर करतं आणि बटण मोडतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच लाकूड आकसतं आणि खुंटी घसरायला लागते. म्हणून साध्या खुंटीचं वाद्य घरात असेल तर मृग लागला की चारही स्क्रू थोडे सैल करायचे आणि तुळशीचं लग्न झालं की पुन्हा आवळायचे. मामाने वाद्य कोरड्या दिवसांत आणलं असेल तर तुमचं निम्मं गाऱ्हाणं यातच मिटेल.

दुकानदाराचं म्हणणं मी सरसकट खोटं म्हणणार नाही, पण ‘टाकाऊ’ हा शब्द मला मान्य नाही. दोन्ही खुंट्यांचा हिशेब समजून घ्या. साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर एका पूर्ण फेऱ्यात सुमारे १९ मिलिमीटर तार गुंडाळली जाते. साध्या खुंटीत बटणाचा एक फेरा म्हणजे दांड्याचा एक फेरा. लहान युकुलेलेवर नायलॉनची तार एखादा मिलिमीटर ओढली की सूर अंदाजे अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पांढऱ्या पट्टीवरून शेजारच्या काळीवर जातो. तेवढ्यासाठी बटण वीस अंशांहूनही कमी फिरवायचं, आणि सूर तंतोतंत मिळवायचा तर त्याच्याही कितीतरी लहान भागाने. नववीतल्या मुलीच्या बोटांना हे कठीण जातं ते उगीच नाही.

गिअरच्या खुंटीत बटणाच्या दांड्यावर मळसूत्र असतं आणि ते एका दातेरी चाकाला फिरवतं. १४ फेऱ्यांना दांडा एकदा फिरेल अशा खुंट्या सर्रास मिळतात. तिथे त्याच अर्ध्या स्वरासाठी बटण जवळजवळ पाऊण फेरा फिरवावं लागतं. हात जरा चुकला तरी सूर फारसा बिघडत नाही. दुसरा मोठा गुण असा की मळसूत्र चाकाला फिरवतं, पण चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. मोटारीच्या स्क्रू-जॅकचं हँडल गाडीच्या भाराने उलटं फिरत नाही, तसंच. तार कितीही ओढो, चांगली गिअरची खुंटी मागे येत नाही आणि तिला स्क्रूची पकड लागतच नाही.

मग सगळीकडे गिअरच का नकोत? एक तर नायलॉनच्या वाद्याला त्यांची निकड नाही. गिटारवरची पोलादी तार फार कमी ताणली जाते, केसभर ओढली तरी सूर कुठल्या कुठे जातो. तिथे साधी खुंटी चालूच शकत नाही. व्हायोलिनवालेही पोलादी तारेसाठी खाली फाइन ट्यूनर, म्हणजे बारीक सूर मिळवायचा छोटा स्क्रू, लावतात. नायलॉन लवचिक, त्यामुळे तिथे साध्या खुंटीवर हात बसवता येतो. आपल्या तंबोऱ्याला मोठ्या कामासाठी खुंटी आणि बारीक कामासाठी मणका अशी सोय आहे. युकुलेलेला मणका नाही, सगळं त्या एका खुंटीनेच करायचं असतं, म्हणून ती स्वच्छ, न अडकता फिरणारी हवी. चांगल्या प्रतीची साधी खुंटी तशी फिरते. स्वस्तातली फिरत नाही, आणि लोक त्या अनुभवावरून सगळ्याच साध्या खुंट्यांना नावं ठेवतात.

दुसरं कारण वजनाचं, आणि तुमच्या बाबतीत मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. सोप्रानो हे चारशे ग्रॅमच्या आसपासचं वाद्य. ते पट्ट्याशिवाय, उजव्या हाताच्या कोपरापाशी छातीला टेकवून धरतात. चार गिअरच्या खुंट्या डोक्याला लावल्या की दांडी खाली झुकायला लागते. मग डावा हात दांडी तोलण्यात अडकतो आणि सूर धरायची बोटं आखडतात. वाजवणाऱ्याला कळतही नाही की हात का दुखतो. शिवाय इवल्याशा डोक्यावर दोन्ही बाजूंना मोठी बटणं, हे मला दिसायलाही रुचत नाही. कॉन्सर्ट आणि टेनर आकाराची वाद्यं मोठी आणि जड असतात, तिथे गिअरचा भार जाणवत नाही.

शिक्षकांचा जुन्या पद्धतीचा मुद्दा मला पटतो. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ‘रॅव्हन्सक्रॅग’ नावाच्या जहाजातून पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे लोक उसाच्या मळ्यांत काम करायला होनोलुलूला उतरले. त्यांत मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे लाकूडकाम जाणणारे होते. मदेराच्या माशेत या चिमुकल्या वाद्यावरून त्यांनी हवाईत जे घडवलं ते युकुलेले. त्याला व्हायोलिनसारख्याच लाकडी खुंट्या असायच्या. मामाने ते लिस्बनहून आणलं, म्हणजे एका अर्थाने मूळ घराजवळूनच आणलं. पण म्हणून स्क्रूलाही हात लावायचा नाही, हे काही खरं नाही. तो स्क्रू फिरवण्यासाठीच दिलेला आहे.

तर माझं मत सांगते. मामाने दिलेल्या वाद्याच्या खुंट्या बदलू नका. पेन्सिलीची परीक्षा करा, स्क्रू नीट करा, आणि मुलीला लावायची रीत शिकवा. अंगठा आणि तर्जनीत बटण धरायचं, बाकीची बोटं डोक्यावर टेकवायची, सूर आधी थोडा उतरवायचा आणि खालून वर येत मिळवायचा. दुसऱ्या हाताने तार छेडत राहायची, म्हणजे सूर कुठे पोहोचला ते कान सांगतो. क्लिपचा ट्यूनर (डोक्याला चिमट्याने लावायचं, सूर दाखवणारं छोटं यंत्र) घेऊन द्या, पण पुढे तिने आधी कानाने लावून मग ट्यूनरवर तपासावं. महिन्याभराने ती स्वतः सांगेल तिला काय हवं. तिला शाळेच्या कार्यक्रमात, मंचावर, पटकन लावून वाजवायचं असेल तर दुसरं वाद्य घ्या. ते कॉन्सर्ट आकाराचं आणि गिअरच्या खुंट्यांचं घ्या, बिनदिक्कत.

प्रश्न : माझ्याकडे सोप्रानो युकुलेले आहे. गिअरच्या खुंट्यांचा संच मी ऑनलाइन मागवला, पण दांडे डोक्याच्या भोकांत जात नाहीत. आमच्या वाड्यावरचा सुतार ड्रिलने भोकं मोठी करून देतो म्हणतो. करून घेऊ? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : नका. तुमचा सुतार दारं-खिडक्या उत्तम करत असेल, पण या डोक्याचं लाकूड पातळ असतं आणि भोकं काठाला लागून असतात. आधीच असलेल्या भोकात ड्रिलचं पातं घातलं की ते मध्य सोडून एका कडेला चावतं, आणि मागच्या बाजूने चिरफळी उडते. अशी डोकी माझ्याकडे सांधायला येतात. सांधली जातात, पण तो डाग राहतो. भोक वाढवायचंच तर निमुळत्या रीमरने (भोक आतून खरवडून रुंद करायचं हत्यार), हाताने, थोडं थोडं, दोन्ही बाजूंनी वाढवायचं असतं.

त्याआधी व्हर्निअर कॅलिपरने तीन मापं घ्या: भोकाचा व्यास, डोक्याची जाडी आणि शेजारच्या दोन खुंट्यांमधलं अंतर. तिसरं माप लोक विसरतात आणि मग बटणं एकमेकांवर आपटतात. हेही लक्षात घ्या की मोठं केलेलं भोक पुन्हा लहान होत नाही. उद्या जुन्या खुंट्या परत लावाव्याशा वाटल्या तर आत लाकडी बुच बसवून नवं भोक पाडावं लागेल.

तुम्हाला गिअरची सोय हवी असेल आणि डोक्याचं रूप बिघडवायचं नसेल तर तिसरा एक प्रकार आहे. त्यात इवली दातेरी चाकं खुंटीच्या आतच बसवलेली असतात, बाहेरून ती साध्या खुंटीसारखी मागे सरळ निघालेली दिसते. जपानच्या गोटो कंपनीची यूपीटी ही खुंटी अशीच आहे. बटणाचे चार फेरे झाले की दांडा एकदा फिरतो. मळसूत्राच्या खुंटीइतका बारीक ताबा येत नाही, पण साध्या खुंटीपेक्षा चौपट सोपं होतं, आणि माझ्या मते सोप्रानोवर एवढं पुरे. अडचण किमतीची. चारांचा संच स्वस्तातल्या नव्या युकुलेलेपेक्षा महाग पडतो. वाद्य जिवापाड आवडतं असेल तरच करा. आणि याही खुंटीसाठी भोक मोजून बघावंच लागतं.

प्रश्न : माझ्या कॉन्सर्ट युकुलेलेला गिअरच्याच खुंट्या आहेत, तरी सूर राहत नाही. शिवाय एक विशिष्ट सूर वाजवला की कुठून तरी किणकिण येते. (एक कॉलेज विद्यार्थी, डिचोली)

उत्तर : किणकिण बहुधा खुंटीच्या पुढच्या नटची आहे (तारा टेकतात तो नट वेगळा, हा आवळायचा). डोक्याच्या दर्शनी बाजूला प्रत्येक दांड्याभोवती एक षट्कोनी नट असतो. लाकूड आकसलं की तो सैल होतो आणि ठरावीक सुराला थरथरतो. किणकिण चालू असताना एकेका नटवर बोट दाबून बघा, ज्याच्यावर दाबल्यावर आवाज थांबेल तो चोर. छोट्या पान्याने हलकेच आवळा, जोर नको.

सुराचं म्हणाल तर स्वस्तातल्या गिअरमध्ये दातांत थोडी फट असते. तुम्ही चढलेला सूर खाली आणून तिथेच थांबलात तर तार ती फट हळूहळू खाऊन टाकते आणि सूर आणखी उतरतो. म्हणून नेहमी सुराच्या खाली जा आणि वर येत थांबा. बटणाच्या टोकाचा स्क्रू सैल असेल तर तोही बघा. गिअर उघडे असतील तर वर्षातून एकदा, पाऊस सुरू होण्याआधी, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दातांवर द्या आणि जास्तीचं पुसून घ्या. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे चुकवू नये, खाऱ्या हवेने दात गंजतात आणि मग वाळूवर चालल्यासारखी खुंटी फिरते. वर साध्या खुंटीला तेल नको म्हटलं आहे, ते आणि हे मिसळू नका.

प्रश्न : चवथीला आमच्या घरी घुमटावर (आपल्या मातीच्या तालवाद्यावर) आरत्या होतात, नंतर पेटीवर भजन. यंदा भाचा युकुलेले घेऊन बसणार म्हणतो. पण आमचे भजनीबुवा काळी एकमध्ये गातात आणि त्याचं वाद्य त्या पट्टीत बसत नाही. खुंट्या साध्या आहेत. काय करता येईल? (एक वाचक, साखळी)

उत्तर : बसू द्या त्याला, खुशाल. युकुलेलेच्या चार तारा पाश्चात्त्य सुरांच्या नावांत जी, सी, ई, ए अशा लावतात. त्यातली सी म्हणजे पेटीची पांढरी एक. काळी एक तिच्यापेक्षा अर्धा स्वर वर. तेव्हा चारही तारा अर्धा स्वर चढवल्या की तो नेहमीच्याच जागी बोटं ठेवून वाजवेल ते काळी एकमध्ये वाजेल. त्याने तारेचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो, आणि सोप्रानोला तो सोसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोप्रानो पूर्ण एक स्वर चढवून लावण्याची रीत सर्रास होती.

पण साध्या खुंट्यांवर ऐन आरतीच्या गर्दीत हे करायला जाऊ नका. चढवलेली तार लगेच स्थिर राहत नाही, थोडी उतरते, पुन्हा लावावी लागते. आदल्या दिवशीच चढवून ठेवायची, सकाळी पेटीशी मिळवायची आणि त्या दिवसापुरती तशीच ठेवायची. चवथ पावसाच्या दिवसांत येते, म्हणजे खुंट्या फुगून घट्ट झालेल्या असतील. चढवायच्या आधी स्क्रू किंचित सैल करून बघा.

खुंट्यांना हातच लावायचा नसेल तर युकुलेलेचा छोटा कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, मिळतो. तो पहिल्या पडद्यावर लावला की काम झालं: काळी एक. गिटारचा कॅपो वापरू नका, तो जड पडतो आणि तारा दाबून सूर चढवतो. आणि भाच्याला घुमटाच्या अगदी शेजारी बसवू नका. त्याच्या आवाजापुढे युकुलेले ऐकूच येणार नाही, पेटीच्या बाजूला बसवा.